सामंतकाकांचे चालू नियम

आमच्या बिल्डिंगखालच्या भाजीवाल्यासमोर करोनात पांढऱ्या रंगाने गोल काढले होते. ते केव्हाच धुऊन गेले, मग तो रस्ताच नव्याने काँक्रीटचा झाला. सामंतकाका मात्र अजून त्या गोलांत उभे राहतात. गोल नाहीत, रांग नाही, पुष्कळदा दुसरं गिऱ्हाईकही नसतं. काका लांब एका जागी थांबतात, मग दोन ढांगा पुढे येऊन थांबतात, मग आणखी दोन. भाजीवाल्यालाही आता सवय झालीय. तो मान वर न करता "आओ काका, आगे आओ" म्हणतो, आणि काका त्या हुकमाने मेथीपर्यंत पोचतात.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तीन घरं आहेत. एक माझं, एक सामंतकाकांचं आणि त्यांच्या बरोबर समोर फिलूआंटींचं. काका आणि आंटी दोघंही एकेकटे राहतात. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर परिपत्रकं फाइलला लावून त्यांनी एक सिद्धांत काढला होता, की जुनं परिपत्रक लेखी रद्द होत नाही तोवर ते चालू. नवं आलं म्हणून जुनं आपोआप मरत नाही. "आधीचं रद्द केल्याचं कुठे आलंय?" हे त्यांचं पालुपद.

एरवी या सिद्धांताचा कोणाला त्रास झाला नसता. पण करोना आला तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी नेमका मी होतो. निवडून आलो होतो असं नाही, मीटिंगला गेलो नाही म्हणून झालो होतो. वरून जी जी सूचना येईल ती मी ग्रुपवर ढकलायचो आणि पाठोपाठ काकांचा फोन यायचा.

"नितीन, मास्क आजारी माणसानेच लावायचा असं तू टाकलं होतंस. आज म्हणतोस सगळ्यांनी लावायचा."

"हो काका, आता सगळ्यांनी."

"मग आधीचं रद्द?"

"रद्दच समजा."

"समजा म्हणजे? मी समजून लावू की नियमाने लावू?"

मी फोन कानापासून लांब धरायचो. काका आपले दोन्ही नियम पाळायचे. हातमोजे घाला असं आलं, मग हातमोज्यांचा उपयोग नाही असं आलं, तेव्हा काका एकाच हातात मोजा घालून दूध आणायला उतरू लागले. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज आणि दुसऱ्या बाजूची उद्या असा फतवा निघाला. आमचा किराणावाला नाक्यावरचा, त्याला दोन रस्त्यांवर दोन शटरं. तो रोज त्या त्या दिवशीचं शटर उघडून खुशाल धंदा करायचा. काका पिशवी घेऊन गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. "आतला तांदूळ कुठल्या बाजूचा धरायचा, ते त्याला सांगता येईना," असं मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पोहे खाल्ले.

खरं तर माझ्याही डोक्याचा पार भुगा झाला होता. घरात बसा, पण चालायला जा, पण पहाटेच जा; विषाणू बहुधा उशिरा उठणारा असावा. फरक इतकाच, की आम्ही बाकीचे सोयीचा तेवढा नियम उचलत होतो आणि काकांना तशी उचलाउचल जमत नव्हती.

त्यातच आंटींच्या डब्याचं प्रकरण झालं. आंटी मूळच्या वाकोल्याच्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. सगळ्या जगाला अरेतुरे करणाऱ्या आणि हाताने सढळ. ईस्टरला त्यांनी फुगे तळले, म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि डबाभर काकांच्या दाराशी ठेवले. फुगे संपले आणि पेच पडला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा काकांच्या आईने घालून दिलेला नियम, आणि तो तर कोणीच रद्द केलेला नव्हता. शिजवलेले पदार्थ घराघरांत देऊ-घेऊ नका, हे मी ग्रुपवर टाकलेलं. डबा महिनाभर काकांच्या ओट्यावर राहिला. शेवटी त्यांनी त्यात साखर भरून दिली. साखर काही शिजवलेली नसते. संध्याकाळी मला फोन.

"नितीन, साखर करताना उसाचा रस उकळतात ना रे?"

पलीकडून, दोन दारांतून, आंटींचा आवाज आला. "सामंत, तुझी साखर माझ्या चहात गेली पण. आता झोप."

दुसऱ्या वर्षी लाट आली तेव्हा आंटींना ताप भरला. त्यांची लेक वसईला, आणि तिच्या घरी सगळेच आडवे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घरीच राहा, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघत राहा. त्याच दिवशी मी ग्रुपवर वरून आलेल्या दोन सूचना टाकल्या. ज्येष्ठ नागरिकांनी कोणत्याही कारणाने घराबाहेर पडू नये, ही एक. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची शेजाऱ्यांनी काळजी घ्यावी, ही दुसरी.

काकांचा फोन आला. नेहमीचा वकिली सूर नव्हता.

"नितीन, यात मी कोण?"

"म्हणजे?"

"मी ज्येष्ठ की शेजारी? बाहेर पडायचं नाही की काळजी घ्यायची? समोर बाई खोकतेय रे. लवकर सांग."

म्हटलं, विचारून सांगतो. जेवण मी दोघांच्या दाराशी ठेवत होतो, पण मीही दिवसभर आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस वैतागलेला होता. "दोन्ही लागू आहेत," म्हणाला आणि फोन ठेवला.

या उत्तरावर मी कपाळाला हात लावला. काका मात्र कामाला लागले. दुपारी बाहेर खडखड झाली म्हणून दार उघडून बघतो, तर काकांचं लाकडी दार सताड उघडं, जाळीचं दार बंद, आणि आत हातात टेप घेऊन काका खुर्ची मागेपुढे सरकवताहेत. समोर आंटींनीही लाकडी दार उघडून आपली खाट हॉलमध्ये ओढून घेतली होती.

"मी घराबाहेर पडलेलो नाही," काका जाळीतून म्हणाले. "अंतर सहा फुटांच्या वर आहे. दोन्ही लागू."

मग ते त्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवण तिथे, चहा तिथे, डुलकीही तिथेच. आंटी खोकल्या की काका विचारायचे, "फिलूबाई, आकडा?"

"सांगितला ना आत्ता. किती वेळा विचारशील?"

"परत बघा."

आंटींना करमावं म्हणून ते माझ्या जुन्या सूचना मोठ्याने वाचून दाखवायचे. आंटी हसायच्या, हसता हसता खोकायच्या, की काका लगेच वाचन बंद करायचे.

एका संध्याकाळी आंटींनी आकडा सांगितला नाही. काकांनी पुन्हा विचारलं आणि मग पितळी तांब्या जाळीवर असा बडवला, की मी कॉल तसाच टाकून धावलो. अॅम्ब्युलन्स मिळाली, आंटींना नेलं. त्या बऱ्या होऊन परत आल्या, हे आधीच सांगून टाकतो. जीव टांगणीला लावून गोष्ट सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. पण त्या संध्याकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं.

अॅम्ब्युलन्स गेली. काका खुर्चीतच होते.

"तिथे भेटीची वेळ काय रे?"

"भेटूच देत नाहीत काका. कोणालाच."

"कोणालाच नाही? मग ठीक आहे." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तिथे चार ते सहा होती."

कुठे, ते मला कळलं नाही.

"सुमनच्या वेळी," काका म्हणाले. सुमनकाकू आम्ही इथे राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. "मी जेवून लगेच गेलो होतो. खाली बाकावर बसलो. वॉचमन ओळखीचा झाला होता, तो म्हणाला, जा वर, कोण बघतंय. मी म्हटलं, नको, चारला जाईन. चारला वर गेलो तर नर्स म्हणाली, आत्ताच गेल्या. तुम्हालाच विचारत होत्या."

मी माझ्या दाराच्या चौकटीला टेकलो.

"लोक म्हणतात, नियम कोणीही बसल्या बसल्या काढतो आणि उद्या बदलतो. तूही म्हणतोस. तसं नसणार रे. प्रत्येक नियमाला काहीतरी कारण असणार. असायलाच पाहिजे."

त्यांनी मास्क नीट केला आणि समोरच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिले.

"नसेल, तर मी तिथे खाली बसून काय केलं?"

मी तिथेच, माझ्या उंबऱ्यावर, जमिनीवर बसलो आणि अंधार पडेपर्यंत उठलो नाही.