अक्का वाचते तोवर

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तरचा होतो, अन् माझी थोरली बहीण, अक्का, चौऱ्याहत्तरची. त्या साली तिच्या एसट्या सुटायला लागल्या. गाडी समोर उभी, दार उघडं, कंडक्टर बोंबलतो, अन् अक्का गाडीच्या तोंडाशी उभी राहून पाटी वाचते. बोट हवेत. "दा... र... व्हा." तोवर गाडी निघून जाते.

"अक्का, आपलीच होती ना ते!"

"हो, वाचलं ना मी," ती समाधानानं म्हणते.

गावात म्हाताऱ्यांचा साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी हसलो होतो. मी दुसरी पास. घरात जे काय वाचायचं ते आजवर मीच वाचलं. अक्का बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ते इथंच राहिली. लेकरू नाही. आता अंगणवाडीच्या बाईजवळ ती वही घेऊन बसली अन् आमच्या घरची शांतता गेली. बिस्कुटाचा पुडा, खताचं पोतं, देवळाच्या पायरीवरची देणगीदारांची नावं, काहीच सोडत नाही. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला दारातच उभं करते. "थांब, वाचू दे." सगळे मामे, सगळे काके वाचून झाले की मग चहा.

आता माझं सांगतो. बापाच्या मागं वावर अन् घर दोघांच्या नावावर चढलं. सातबारा आपल्या एकट्याच्या नावानं असावा, एवढी एकच हौस राहिली होती. बहिणी भावासाठी हक्क सोडतात, आमच्याकडं रीतच आहे. मी दारव्ह्याहून हक्कसोडाचा कागद लिहून आणला. म्हटलं, अंगठा उठवायचं काम, किती वेळ लागते?

"थांब, वाचू दे."

आठ दिवस वाचला. ओट्यावर बसून, मोठ्यानं. सारी गल्ली ऐकून राह्यली. मी थकून गेलो. शेवटी एका संध्याकाळी तिनं हाक मारली.

"रामा, इथं 'स्वखुशीने' लिहेल हाय. मले तं कोणं इचारलंच नाही."

"तसंच लिहा लागते, अक्का."

समोरची शांता तिच्या दारातून ओरडली, "वाचा अक्का, पुढचं वाचा!"

"तू आपली भाकर पाय वं, जळून राह्यली," मी म्हटलं.

अक्का हसली. बोट पुढं सरकलं, अन् थांबलं.

"'या मिळकतीशी माझा कोणताही संबंध राहिला नाही.' मिळकत म्हंजे?"

"वावर. अन् हे घर."

तिनं कागदाची घडी घातली. मग कागद माझ्या हातात दिला.

"वावर घे तू. मले दोन भाकरी लागते. पण हे ओळ काढून आण. मंग सही करीन, अंगठा नाही." थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "कोणं इचारलं, कोणाची वं तू, तं मी जलमभर या घराचंच नाव सांगत आली. दुसरं मले हायच काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं दारव्ह्याला गेलो. कागद लिहिणाऱ्याला म्हटलं, एवढी एक ओळ काढ. तो हसला.

"बाबा, या ओळीसाठीच तं कागद करते लोकं. हे काढली तं राह्यलं काय?"

"मंग फाड."

त्याची हिंमत होईना. मीच फाडला.