निर्विकार चेहऱ्याची अर्जदार

राष्ट्राची सुरक्षितता नागरिकाच्या मिटलेल्या तोंडावर अवलंबून असते. हे मला नातीच्या पासपोर्टमुळे कळलं.

नात तीन महिन्यांची. जावई परदेशी नोकरीला. त्याने लेकीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेचं विमान. त्यासाठी पासपोर्ट, आणि पासपोर्टसाठी फोटो. नियमपत्रक सांगतं: डोळे उघडे, तोंड बंद, दोन्ही कान दिसणारे, चेहरा निर्विकार आणि फोटोत दुसऱ्या कुणाचा हात नको. (मग मान कुणी धरायची, याबद्दल पत्रक मौन पाळतं.)

आमची अर्जदार कॅमेरा दिसला की बोळकं पसरून हसते. पहिले सहा फोटो ‘अर्जदार हसत आहे’ असा शेरा मारून परत आले. शेरा अचूक होता, तक्रारीला जागाच नव्हती.

घरात तातडीने हास्यबंदी लागू झाली. गुदगुल्या बंद. बोबडं बोलण्याची सवलत फक्त आजीला, तीही रविवारी. मी स्वतः एकतीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज परत केलेत. त्या काळात माझ्या तोंडाकडे बघून कुणी हसल्याची नोंद नाही. म्हणून मला फोटोग्राफरच्या मागे उभं केलं. नातीने मला पाहिलं आणि उचकी लागेपर्यंत हसली. एकतीस वर्षांची सेवा पाण्यात गेली. (आतून बरं वाटलं, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.)

“बाबा, हसण्यावारी नेऊ नका,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली. “ही रजा हुकली तर त्याला पुढची वर्षाने. लेक चालत जाईल बापाला भेटायला.”

सतराव्या खेपेला काही सुचेना, म्हणून मी नियमपत्रकच मोठ्याने वाचायला घेतलं. कलम दोनला नातीचं हसू थांबलं. कलम चारला तिने छताकडे बघितलं. कलम सात, पोटकलम ‘आ’पाशी तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. खिडकीपलीकडे रोज दिसायचा तोच चेहरा, मी लगेच ओळखला. फोटोग्राफरने बटण दाबलं आणि फोटो मंजूर झाला.

नऊ तारखेला विमानतळावरून मुलीचा फोन. अधिकारी म्हणतोय, फोटोतलं बाळ गंभीर आहे, हे तर हसतंय.

“बाबा, फोन तिच्या कानाला लावते. कलम सात म्हणा.”

मी तोंडपाठ म्हटलं. पलीकडे शिक्का पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी जावई सांगत होता, त्याला बघितल्यापासून पोरगी हसायची थांबतच नाहीये. मीही खदखदून हसलो. बंदी अजून उठली नव्हती, पण आजीने कानाडोळा केला.

तरी खात्याच्या पारखीला दाद द्यायला हवी. नातीला सतरा फोटो लागले. तुमचा, आठवून बघा, पहिल्याच फटक्यात मंजूर झाला होता.