आबूरावांचा शंभरावा पक्षी

एका जंगलात... आता कुठल्या, ते विचारू नका, बाळांनो. जगातलं एकही जंगल असं नाही, जे या म्हाताऱ्याला पाठ नाही. आत कधी गेलो नाही, तेवढं सोडा. रस्त्यावरून पाहिलंय. एसटीचं चाक पंक्चर झालं होतं म्हणून.

तर एका जंगलात एक डबकं होतं. डबक्यात चिखल होता. चिखलात आबूराव रेडे बसलेले असत.

आबूरावांच्या पाठीवर नारबा नावाचा गायबगळा बसे. अकरा वर्षं बसत होता. आबूरावांच्या कानात गोचिडी होत, त्या नारबा चोचीने वेचून खाई. आबूरावांचा कान साफ, नारबाचं पोट भरलेलं. दोघांनी एकमेकांना कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं. शाळेत गेले नव्हते ना!

आबूरावांच्या बायकोचं नाव गोजराबाई. त्या कडेला बसत आणि कमी बोलत. पण जे बोलत, ते लागे.

त्या जंगलात एक पक्षीमित्र मंडळ निघालं. मंडळात पक्षी एकही नव्हता. हसू नका. तुमच्या गावच्या महिला मंडळाचा कारभार कोण बघतो, ते घरी जाऊन विचारा आणि मग हसा.

मंडळाचा नियम सोपा होता. ज्याच्या यादीत सगळ्यात जास्त पक्षी, तो अध्यक्ष. आणि अध्यक्षाला डबक्याच्या मधोमध बसायचा मान. मधोमध चिखल खोल, गार, लोण्यासारखा. कडेचा चिखल दुपारपर्यंत वाळतो आणि अंगावर त्याच्या पापड्या धरतात. मधोमध कोण बसे? सर्जेराव गवा. यादीत नव्याण्णव पक्षी. परदेशात जाऊन बघून आले होते. आबूराव कडेला.

"भूमध्य समुद्राकाठचे पक्षी म्हणजे काय सांगू, आबूराव!" सर्जेराव रोज मधोमध बसून सांगत. "तिथल्या चिमणीलासुद्धा ऐट असते."

आबूराव पापड्या खाजवत ऐकत. एक दिवस खाज सोसेना.

"मी पण जाणार," ते म्हणाले. "शंभर करून येणार."

"शंभर काय?" गोजराबाईंनी विचारलं.

"पक्षी."

"एक तर पाठीवरच बसलाय. म्हणजे नव्याण्णव राहिले."

"ह्याला नाही धरत. हा आपला नारबा आहे."

नारबाने नुसती मान वर केली. त्याच्या चोचीत गोचीड होती.

सर्जेराव गेले होते, तीच सहल होती कोल्हे सरांची. कोल्हे सरांच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट होतं आणि जाकिटाला चौदा खिसे होते. एकातूनही कधी काही निघालं नाही. तुम्ही म्हणाल, पक्षी दाखवायला कोल्हा कशाला? अरे, पक्ष्यांचा कोल्ह्याइतका अभ्यास दुसऱ्या कोणाचा आहे का? सरांचा अभ्यास तर पार हाडापर्यंत होता.

आबूराव आणि मंडळातली आणखी काही जनावरं विमानाने गेली. आबूराव विमानात कसे मावले, ते विचारू नका. मावले. नारबा हातातलं सामान म्हणून गेला. पक्षी असून पट्टा बांधून बसला. खिडकीतून खाली बघून एवढंच म्हणाला, "ह्याला इतकं अवघड का करून ठेवलंय?"

उतरल्यावर सरांनी प्रत्येकाला एक दुर्बीण दिली आणि शंभर पक्ष्यांची छापील यादी दिली.

"नियम ऐका," सर म्हणाले. "दुर्बिणीतून दिसला तरच पक्षी धरायचा. नुसत्या डोळ्यांनी काय, कोणीही बघतं. आणि नाव मी सांगेन तेच."

पहिले आठ दिवस दलदलीचे होते. समुद्राकाठची खाजणं, पुरुषभर उंच बोरूची बेटं, मिठागरं. आबूरावांना चिखल बघून गहिवरून आलं. लोळावंसं फार वाटलं. पण सर म्हणाले, "लोळायला आलात की बघायला?" मग आबूराव कोरडेच चिखलाच्या कडेने चालले. घरी कडेला बसत होते, परदेशात कडेने चालत होते. प्रवासाने दृष्टी विशाल होते म्हणतात, ती अशी.

सर नेहमी पुढे. सर दिसले की पक्षी उडत. मग सर सांगत, "उडाला तो अमका. उडाला तो तमका." मंडळी यादीत खुणा करत. वटवट्या नावाच्या पिटुकल्या पक्ष्याच्या सात जाती सरांनी एकाच झुडपात दाखवल्या. झुडूप हलत होतं, एवढं सगळ्यांनी पाहिलं. सात खुणा झाल्या.

मिठागरात लांब लाल पायांचा एक शेकाट्या उभा होता. आबूरावांनी दुर्बीण लावायच्या आत तोच ओरडला, "ओ आबूराव! तुम्ही इकडं कुठं? गोजराबाई बऱ्या आहेत ना?"

"कोण आपण?" आबूराव.

"असं काय करता! दर हिवाळ्यात तुमच्याच डबक्यावर असतो की. तुमच्या शेपटीपाशी. दोनदा शेपटीचा फटकाही खाल्लाय."

आबूरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सरांनी ऐकलं तर नाही ना? मग हळूच मागे सरकले, दुर्बीण लावली आणि मोठ्याने म्हणाले, "वा! काय दुर्मीळ पक्षी आहे!"

शेकाट्याने नारबाकडे पाहिलं. नारबाने मान फिरवली. ओळखीच्या माणसासमोर मालकाची लाज वाटते ना, तसं त्याला झालं.

मग डोंगर. डोंगरात मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. जेवणात कडक पाव आणि खारवलेल्या बोरासारखं एक हिरवं फळ. तेल त्याच फळाचं, लोणचं त्याच फळाचं. आबूरावांनी झाडासकट खाल्लं. सर रागावले.

सहलीत कासवनाना होते. गरीब स्वभाव. नानांच्या यादीत एकही खूण नव्हती. सर "तो बघा!" म्हणाले की नाना घाबरून मान आत घेत. मान बाहेर येईपर्यंत पक्षी दुसऱ्या देशात.

डोंगरावर एक सोनेरी गरुड घिरट्या घालत होता. सर म्हणाले, "हालू नका!" नानांना हालायला सांगावं लागे, थांबायला नाही. गरुड खाली आला, नानांना पंजात धरलं आणि वर गेला.

सगळ्यांनी झटकन हात वर केले. नानांना धरायला नाही हो, दुर्बिणी धरायला.

"दिसला?"

"दिसला!"

"मानेवरचा सोनेरी रंग बघा!"

"अहाहा!"

खुणा झाल्या. मग कोणीतरी म्हणालं, "नाना गेले वाटतं."

पण नानांचं आयुष्य मोठं. गरुडाने त्यांना खडकावर फोडायचं म्हणून वरून सोडलं, तर खालून नेमकी जाडजूड मेंढी चालली होती. नाना लोकरीत पडले. मेंढीच्या पाठीवरून परत आले ते हसत हसत.

"सर," नाना धापा टाकत म्हणाले, "माझी पहिली खूण! गरुड धरू ना?"

"दुर्बिणीतून पाहिलात?"

"दुर्बिणीतून कसा बघणार? मी त्याच्या पंजात होतो!"

"मग नाही धरता येत," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

आबूराव मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे सरांचं." लक्षात ठेवा हं, बाळांनो. आबूराव असं म्हणाले होते.

शेवटचा दिवस पुन्हा दलदलीत होता. दुपारी विमान होतं. आबूरावांच्या यादीत नव्याण्णव खुणा होत्या. सर्जेरावांइतक्याच. बरोबरी झाली तर जुना अध्यक्ष कायम, असा मंडळाचा पोटनियम होता. म्हणजे आणखी एक पक्षी मिळाला तर मधोमध, नाही तर जन्मभर पापड्या.

आबूरावांनी यादी डोळ्यांपाशी नेली. शंभरावा राहिला होता तो गायबगळा.

"हा तर इथं ढिगाने असतो म्हणतात!" आबूराव म्हणाले. "कुठं आहे, सर?"

"कालपर्यंत होता," सर म्हणाले आणि त्यांनी मिशा पुसल्या. सरांनी त्या दिवशी नाश्ता लवकर आणि एकट्यानेच उरकला होता. बोरूच्या बेटापाशी पांढरी पिसं तरंगत होती. एक पीस सरांच्या जाकिटावरही होतं. अखेर चौदा खिशांपैकी एकाचा उपयोग झाला. सरांनी ते पीस खिशात टाकलं.

"पण सर," आबूराव घसा खाकरून म्हणाले, "माझ्या पाठीवर आहे की एक."

"दुर्बिणीतून दाखवा."

आबूरावांनी मान वळवली, दुर्बीण लावली. नुसतं पांढरं धुकं दिसलं. नारबा फार जवळ होता.

"नाही धरता येत," सर म्हणाले. "नियम तुम्हाला पटला होता ना?"

आबूरावांनी दुर्बीण खाली घेतली. मग त्यांनी आवाज मऊ केला. "नारबा, एक काम होतं."

"कान दुखतोय?"

"नाही. जरा त्या तिकडच्या घोड्यापाशी जाऊन बस. दीडशे हात लांब. घटकाभर."

दलदलीत पांढरे घोडे चरत होते. नारबाने घोड्यांकडे पाहिलं.

"कशाला?"

"मला तुला बघायचंय."

"अकरा वर्षं मी काय लपून बसलो होतो?"

"तसं नाही रे. रीतसर बघायचंय. यादीत घ्यायचंय."

"काल रात्री तुमच्या डाव्या कानातून सात गोचिडी काढल्या," नारबा म्हणाला. "त्या कुठल्या यादीत घेतल्यात?"

"उगाच वाढवू नकोस. विमानाची वेळ होतेय. इतकी वर्षं पाठीवर बसवलं तुला—"

हे वाक्य आबूरावांनी पुरं केलं नाही. पण जेवढं बोलले, तेवढं पुरलं. नारबा उडाला. दीडशे हात लांब गेला आणि एका पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर बसला.

आबूरावांनी दुर्बीण लावली. चाक फिरवलं. धुकं निवळलं आणि नारबा दिसला.

डोक्यावर पिवळसर झाक होती. चोच टोकाला झिजली होती. आबूरावांच्या कानाच्या कडेवर घासून घासून झिजली असणार. उजव्या पायाचं एक बोट वाकडं होतं. ते आबूरावांच्याच शिंगात एकदा अडकलं होतं म्हणे. आबूरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"गायबगळा," सर म्हणाले. "धरा."

आबूरावांनी खूण केली. शंभर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांच्या टाळ्या पोहोचायला वेळ लागला.

"झालं रे, नारबा!" आबूराव ओरडले. "ये आता!"

नारबा आला नाही. घोड्याने मान वळवून पाठीवरच्या नव्या पाहुण्याला निरखलं. मग कान पुढे केला. नारबाने आत डोकावून पाहिलं, एक गोचीड काढली आणि खाल्ली.

"अरे, विमान सुटेल!"

"सुटू दे," नारबा तिकडून म्हणाला. "इथं मला नुसत्या डोळ्यांनी बघतात."

कोल्हे सर लगेच म्हणाले, "मी आणू का त्याला?" आणि ओठांवरून जीभ फिरवली. आबूराव आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या आडवे गेले. सरांच्या वाटेत रेडा उभा राहिला, तो विमानाची वेळ होईपर्यंत हलला नाही. तेवढं पुण्य त्यांच्या नावावर लिहा.

जंगलात आबूरावांची मिरवणूक निघाली. सर्जेराव मधोमध बसले होते, ते मुकाट उठले आणि कडेला आले. आबूराव मधोमध बसले. चिखल खोल होता. गार होता. लोण्यासारखा होता.

आबूराव भाषणाला उभे राहिले. "मित्रहो," म्हणाले आणि थांबले. डावा कान वळवळत होता. परत म्हणाले, "मित्रहो," आणि कान झाडला. तिसऱ्यांदा कान चिखलात घासला. लोकांना वाटलं, अध्यक्ष नम्र आहेत. खूप टाळ्या पडल्या.

टाळ्यांच्या गडबडीत सर्जेराव जवळ आले. त्यांच्या पाठीवर त्यांचा गायबगळा बसला होता, नेहमीसारखा.

"शंभरावा गायबगळाच ना?" सर्जेरावांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझाही तोच राहिला होता," सर्जेराव म्हणाले. "मला पण सरांनी म्हटलं होतं, उठवा ह्याला. म्हटलं, राहू दे. नव्याण्णवही काही वाईट नाहीत."

"सर्जेराव," आबूराव कान खाजवत म्हणाले, "तुमचा जरा घटकाभर देता का?"

सर्जेरावांच्या बगळ्याने आबूरावांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि तो सर्जेरावांच्या पाठीवरच पलीकडच्या बाजूला सरकून बसला.

त्या रात्री आबूराव झोपले नाहीत. सकाळ होताच त्यांनी मंडळाच्या फळ्यावर स्वतःच्या खुराने मोठ्या अक्षरांत तात्पर्य लिहिलं. सहलीचा लाभ सगळ्यांना व्हावा म्हणून.

तात्पर्य : ज्याला नीट पाहायचं असेल, त्याला आधी लांब पाठवावं.

गोजराबाईंनी ते दोनदा वाचलं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस तुम्ही लांब होतात, तेव्हा मला किती चांगले दिसत होतात! परत कशाला आलात?"