डाळिंबी टिपक्याची होडी

होडी आपणच जाऊन आणायची, हे सूनबाईने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

खरं तर होडीवाला म्हणाला होता, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? माझी व्हॅन आहे, मी आणून पोचवतो." झालं! सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. चारशे किलोमीटर कुणी आपणहून येतं का? नक्कीच वाटेत इंजिन बदलणार.

(सूनबाई बँकेत सह्या पडताळायची. खऱ्या सह्यांकडे दिवसभर संशयाने बघून तिची नजर अशी झाली होती, की एकदा तिने स्वतःचाच चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवला होता. घरात तिला 'इन्स्पेक्टर' म्हणत.)

होडी सासऱ्यांसाठी होती. तलावावरच्या लाँचवर त्यांनी चौतीस वर्षं तिकिटं फाडली, पण सुकाणूला एकदाही कुणी हात लावू दिला नाही. आता रविवारी दुपारी चारला ते स्वतःची होडी पाण्यात सोडणार होते, तीही लाँचवरच्या सगळ्या जुन्या सोबत्यांच्या देखत. "इंजिनासकट आणते, बाबा," असा शब्द सूनबाईने दिला होता.

शनिवारी तिने होडी पाहिली, इंजिनाला चार वेळा हात लावला आणि कव्हर बांधून झाल्यावर, होडीवाल्याची पाठ वळताच, पर्समधून डाळिंबी नेलपॉलिश काढून ट्रेलरच्या दांड्यावर एक टिपका ठेवला. होडीवर ठेवायला हवा होता, हे आपल्याला आत्ता कळतंय. पण कव्हरच्या कापडावर तो फिसकटत होता आणि लोखंडावर कसा झकास बसला!

होडीवाल्याने रविवारी आठला बोलावलं होतं. रात्री तिथल्याच लॉजवर राहून सूनबाई नवऱ्याला घेऊन साडेसहालाच हजर झाली. (आठपर्यंत होडीवाल्याला काय वाट्टेल ते करायला वेळ मिळाला असता.) आवारात निळ्या कव्हरखाली दोन होड्या, दोन ट्रेलरवर. वॉचमनने जांभई देत विचारलं, "कुठली न्यायची, माहितीये ना?"

सूनबाई नुसती हसली. वाकून टिपका शोधला आणि म्हणाली, "ही!"

नवरा भूगोलाचा मास्तर. त्याने गाडीच्या आकड्याला ट्रेलर अडकवला आणि भीत भीत म्हणाला, "कव्हर उघडून एकदा बघू या का?"

"परत बांधता येईल तुला?"

मास्तर गाडीत जाऊन बसला.

तासाभरात त्याचा आत्मविश्वास फुलून आला. "बघ, मागे होडी आहे असं वाटतंय तरी का? किती हलकी चाललीय गाडी! सगळी खुबी हाताची असते."

तेवढ्यात सूनबाईने बाजूच्या आरशात पाहिलं. होडीच्या कव्हरमागून एका पांढऱ्या व्हॅनचा अर्धा चेहरा दिसत होता. दिवे मिचकावत होता.

"तोच आहे. होडीवाला."

"अगं, काहीतरी सांगायचं असेल."

"सांगायचं असतं तर फोन केला असता."

"फोन तू बंद करून ठेवलायस."

"अकरा वेळा आला म्हणून बंद केला! सरळ माणूस अकरा वेळा फोन करतो का?"

"मेसेज तरी बघ."

"मुळीच नाही. उघडला की त्याला कळतं, आपण वाचला."

व्हॅनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात हलू लागला. सूनबाईने काच आणखी वर केली. ती आधीच पूर्ण वर होती.

"थांबू नकोस हं! पेपरात असंच येतं. ते हात करतात, आपण थांबतो, आणि मग..."

"मग काय?"

"पुढचं मी वाचत नाही. भीती वाटते."

थांबायचा प्रश्न तसाही नव्हता. ट्रेलर लावून गाडी मागे घेणं मास्तरला जमत नसे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जाई. त्यामुळे जिथून सरळ बाहेर पडता येईल, तिथेच थांबायचं, असा नियम होता आणि अशी जागा चारशे किलोमीटरमध्ये एकच निघाली: पेट्रोल पंप. तिथे ते एका दाराने शिरले आणि व्हॅन दिसताच पेट्रोल न घेता दुसऱ्या दाराने पसार झाले. चहा नाही, पाणी नाही, मास्तरच्या इतर अडचणींचा तर विचारही नाही. काटा लाल रेषेच्या खाली गेला तेव्हा चाराला पाच कमी होते आणि समोर तलाव होता.

काठावर सासरे कडक इस्त्रीच्या शर्टात उभे. मागे लाँचवरचे सात-आठ म्हातारे.

"आणली, बाबा!" सूनबाई धापा टाकत म्हणाली. (गाडी मास्तरने चालवली होती.)

सासऱ्यांनी कव्हर ओढलं. आत होडी होती. म्हणजे होडीच्या कडा होत्या. तळाला बादली आरपार जाईल एवढं भोक, इंजिनाच्या जागी गंजलेले दोन बोल्ट.

सासऱ्यांनी हळूच कव्हर पुन्हा ओढून घेतलं, एखाद्याचं उघडं पांघरूण नीट करावं तसं.

"बघितलंत? फसवलं त्याने!" सूनबाई ओरडली. "मी म्हणत होते की नाही!"

तेवढ्यात पांढरी व्हॅन आली. वळण घेऊन आडवी झाली आणि तिच्या मागचा नवा कोरा ट्रेलर सगळ्यांना दिसला. त्यावर कव्हर. कव्हरखाली इंजिनासकट होडी.

होडीवाला उतरला. घसा बसला होता त्याचा. "ताई, तुम्हाला लांब जायचं म्हणून रात्री तुमची होडी चांगल्या ट्रेलरवर चढवली. या जुन्याचा टायर पार झिजलाय. म्हणून यावर भंगारात द्यायची होडी टाकली होती. सकाळपासून ओरडतोय! हा टायर इथवर टिकला कसा?"

"खुबी हाताची असते," मास्तर पुटपुटला आणि झाडामागे पळाला.

सूनबाईने टिपक्याची सगळी हकीकत कबूल केली आणि चार वाजून दहा मिनिटांनी होडी पाण्यात उतरली. सासऱ्यांनी सुकाणू धरून तलावाला तीन फेऱ्या मारल्या. सूनबाई काठावर मान खाली घालून बसली होती. परत आल्यावर ते तिच्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे केला.

"इन्स्पेक्टर, ती बाटली द्या."

त्यांनी डाळिंबी नेलपॉलिशचा एक टपोरा टिपका तिच्या अंगठ्याच्या नखावर ठेवला, फुंकर मारून वाळवला आणि मुलाला हाक मारली.

"मास्तर, परत जाताना ही खूण बघूनच हिला गाडीत घे. कव्हर उघडून बघायची सवय आपल्या घरात कुणाला नाही."