हिंदुराव तोडकरांनी विलायती नाटकगृहात शिट्टी राखली, त्याची बखर

श्री नटेश्वरास दंडवत, पडद्याच्या दोरीस दंडवत, आणि पिटात बसोन जीव ओवाळणाऱ्या समस्त रसिकांस दंडवत. शके सत्राशे एकेचाळीस, प्रमाथी नाम संवत्सर, इकडे पुण्यात शनिवारवाड्यावरील निशाण उतरून वर्ष-दीड वर्ष जाहले होते, त्या समयी तिकडे टोपीकरांचे मुलखात एका लहानशा गावी (नाव लिहीत नाही, शेजारगावचे रुसतील) एक नाटकवाला सरदार उभा राहिला आणि बोलिला, "राज्ये येतील, राज्ये जातील, गावास नाटकगृह पाहिजे." मग त्याने विटा आणविल्या, सागवानास तोडीस तोड ऐसे लाकूड आणविले, घोड्याच्या नालेप्रमाणे वळणदार सज्जे एकावर एक चढविले आणि छतास निळे आभाळ रंगविले, कारण त्या मुलखात खरे आभाळ बहुतकरून काळेच, तेव्हा रयतेने घटकाभर तरी निळे पाहावे ऐसी त्याची मसलत. वाहवा! आमचे राज्य बुडविणारे लोक खरे, परंतु चांगल्यास चांगले म्हणावे, ही बखरकाराची जात आहे.

आणि त्या काळी मोठी लढाई नुकतीच सरली होती, जहाजांवरील खलाशी रिकामे हिंडत होते, आणि दोर ओढणे त्यांसारखे कोणास येणार? मग सरदाराने त्यांस पडदे चढविण्या-उतरविण्यास चाकरीस ठेविले. ते जहाजावरील रिवाजाप्रमाणे शिट्टीवर काम करीत; एक शिट्टी वाजली की पडदा वर, दुसरी वाजली की डोंगर खाली. ऐसे चालले असता एके दिवशी एक देखणा नट रंगमंचावर उभा राहोन सहज मौजेने शीळ घालिता जाहला, आणि वरील खलाश्याने हुकूम समजोन रंगविलेला अख्खा डोंगर त्याचे डोईवर सोडिला. जीव वाचला, केसांचा टोप कामास आला. त्या दिवसापासोन सक्त मनाई जाहली की या घरात शिट्टी कोणी वाजवू नये. वाजविल्यास बाहेर जावे, उंबऱ्यासमोर तीन गिरक्या घ्याव्या, दार ठोठावावे आणि नम्रपणे आत घेण्याची विनंती करावी. पुढे सरदार निवर्तला, शंभर वर्षांनी नाटकाचे दिवस फिरले, आणि दारू गाळणारांनी नाटकगृह काबीज करोन त्यात पिंपे भरिली. दोन पिढ्या त्या निळ्या आभाळाखाली पिंपेच प्रेक्षक होती. मग गावच्या बायका पदर खोचून, म्हणजे त्यांचेकडे जे काही खोचतात ते खोचून, बादल्या आणि कुंचे घेऊन चालोन आल्या, पिंपांचा मोर्चा हटविला, आणि काजळी पुसता पुसता आभाळ जैसेचे तैसे निघाले. त्या बायकांतील एकीची लेक डोरोथीबाई ती आज तेथील किल्लेदारीण, आणि त्या खलाश्यांचे वंशातील एडविन नामे दोरकरी आजतागायत पडदा हाताने ओढतो, यंत्रास शिवू देत नाही.

आता मुख्य हकीकत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, श्रावणमासी करवीरनगरीचे गुळाचे अडत्ये हिंदुराव तोडकर आपले लेकीस भेटावयास त्या गावी दाखल जाहले. हिंदुरावांची ख्याती गुळाहून शिट्टीची अधिक. दोन बोटे तोंडात घालोन शिट्टी मारिली तर नाटक मंडळी पुढचे गावी पत्र लिहीत की करवीर फत्ते जाहले. परंतु गृहस्थ मोठा करडा. म्हणे, "चाखल्याबिगर गुळाचा भाव बोलत न्हाई आन भावल्याबिगर शिट्टी मारत न्हाई. मग सोयरा असू दे न्हाईतर सावकार." हा बाणा एके जागी फार महाग पडला. लेक वैजयंताबाई वयाचे सोळावे वर्षी प्रथम राणीचे सोंग घेऊन उभी राहिली, अवघे थिएटर टाळ्यांनी दणाणले, आणि बाप मात्र हाताची घडी घालोन बसला. घरी येऊन पोरीने पुसले, "आबा, कसं झालं?" तेव्हा आबा बोलिले, "पाठांतर चांगलं हुतं." पोर हसली आणि आत जाऊन रडली. मग सातासमुद्रांपलीकडे गेली, तिकडे नाटकात नाव काढिले, सगळे काही मिळाले. ती एक शिट्टी तेवढी मिळाली नाही. आणि आज दुपारचे खेळात ती मुख्य सोंग घेणार, आणि बाप त्यानंतर प्रथमच समोर बसणार.

सकाळी डोरोथीबाई नाटकगृह दाखवू लागल्या आणि वैजयंताबाई तर्जुमा करू लागल्या. सज्जे पाहिले, जुने दोर पाहिले, एडविन दोरकऱ्याचे घट्टे पडलेले हात पाहिले. मग हिंदुराव रंगमंचाचे मधोमध उभे राहिले, मान वर करोन आभाळ पाहिले, डोळे भरोन आले आणि बोटे आपोआप तोंडात गेली. ऐसी शिट्टी मारिली की छपरावरील कबुतरे उठली! डोरोथीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. एडविन दोर सोडून डोकीवर हात घेऊन बसला.

"अहो आबा, इथं मना आहे!" वैजयंताबाई बोलिल्या आणि कुल हकीकत सांगितली. मग आबा मुकाट बाहेर गेले, सत्तरीचे वयात फेटा सावरीत तीन गिरक्या घेतल्या, एकीत तोल जाऊन खांब धरिला, दार ठोठावले आणि बोलिले, "येऊ का बाई आत? गुन्हा झाला, पर आभाळच तसं हाय!" डोरोथीबाई हसल्या आणि दार उघडिले. परंतु लेकीचे तोंड उतरले होते. ती हळूच बोलिली, "इमारतीला मिळाली म्हणायची." आबांनी ऐकिले. खोटे बोलावयाची सवय नव्हती.

दुपारी खेळ सुरू जाहला. आबा पिटात, शेजारी डोरोथीबाई. वैजयंताबाईंनी एका म्हातारीचे सोंग घेतले होते, जिचा लेक दर्यावर गेला तो परत आला नाही, फक्त त्याचे बूट आले. भाषा विलायती, आबांस एक अक्षर उमगेना. आणि म्हातारीने ते ओले बूट उचलिले, पदराने पुसले, आणि लेकाचे पाय गारठले असतील ऐसे समजोन चुलीपाशी ऊब लागेल तेथे नीट ठेविले, आणि आपण शेजारी बसोन राहिली. आबांचा हुंदका असा निघाला की पुढल्या रांगेतील साहेब वळोन पाहते जाहले. आबांस म्हातारी दिसत होती, आपली पोर कोठे दिसेना. पडदा पडला. टाळ्यांचा गजर जाहला, आणि आबांची बोटे ओठांपाशी गेली. डोरोथीबाईंनी पाहिले. आबांनी बोटे खाली घेतली, उठले, आणि लोकांचे पाय तुडवीत, "सरा की वाईच!" ऐसे शुद्ध करवीरी भाषेत ओरडत दाराकडे धावले.

पडदा मुजऱ्यासाठी वर गेला तेव्हा वैजयंताबाईंनी आधी ती खुर्ची पाहिली. रिकामी! तिच्या मनात आले, झाले, याही वेळी उठोन गेले. बाई हसरे तोंड करोन मुजरा करिती जाहली, पडदा पडला, सोबतचे नट आत गेले, ती मात्र पाय न उचलिता तेथेच उभी राहिली. आणि तोच बाहेर रस्त्यावरोन, विटांची भिंत भेदून, शिट्टी आली. एक आली, मग दुसरी आली, आणि तिसरी तर ऐसी लांबली की म्हाताऱ्याचा दम कोठोन येतो हे कळेना. एडविन दोरकऱ्याने कान टवकारिले. कोणाचा हुकूम नव्हता, परंतु रक्तच खलाश्याचे. शिट्टी वाजली म्हणजे पडदा वर! त्याने दोर ओढिला, आणि भर रंगमंचावर वैजयंताबाई एकटी, म्हातारीचे वेषात, दोन्ही हातांनी तोंड झाकोन ढसढसा रडत आहे ऐसे अवघ्या गावाने पाहिले आणि गाव उभे राहिले.

मग दारावर थाप पडली. डोरोथीबाई धावल्या, पण आधी वैजयंताबाई पोहोचल्या, सोंगासकट. बाहेर आबा तिसरी गिरकी घेऊन धापा टाकीत उभे. "आबा, बाहेर वाजवली तर गिरक्या कशाला?" आबा बोलिले, "बाहेर वाजवली, पर मनात आतच वाजली हुती." मग लेकीने डोळे पुसत पुसले, "आणि पाठांतर?" तेव्हा आबा बोलिले, "पाठांतराचं मला काय कळतंय? एक अक्षर समजलं न्हाई. पर पोरी, माझंच लेकरू दर्यात गेलं आसं वाटलं बघ."

येणेप्रमाणे नाटकगृहाची मनाई अभंग राहिली, हिंदुरावांचा बाणा अभंग राहिला, आणि उभयतांचे मध्ये जी पोर इतकी वर्षे ताटकळली होती तिचे पदरी माप पडले. तेथे आत शिट्टी आजही मना आहे. रस्ता मोकळा आहे.