तापू दे की!

गुंद ह्या आमच्या गावात, शेजारच्या घरात एक अ‍ॅम्प्लिफायर गेली कित्येक वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेला आहे. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. तोंड भिंतीकडे आणि पाठ घरादाराकडे. त्या पाठीला फळीसुद्धा नाही, त्यामुळे आतल्या काचेच्या नळ्या, तारा, ट्रान्सफॉर्मर, सगळा संसार उघड्यावर. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "अण्णा, ह्यो उलटा का ठेवलाय?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "भिताडावर आपटून आवाज मऊ होतोय. तुम्हाला न्हाई कळायचं."

खरंच नाही कळायचं. मी जोयड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, वर गिटारही वाजवतो, आणि मातीच्या भिंतीवर आपटून आवाज मऊ होतो हे मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एकदा तसं बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, "पुस्तकं थंड असतात मास्तर."

माणसाचं नाव नारायण मिराशी. पण गावात त्यांना व्हालअण्णा म्हणतात, कारण व्हॉल्व्हला ते 'व्हाल' म्हणतात आणि दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओत ज्या काचेच्या नळ्या लालसर पेटायच्या, त्या म्हणजे हे व्हाल. तरुणपणी अण्णा रामनगरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. तेव्हा एक तंबूतला सिनेमा बंद पडला आणि त्याचं आवाजाचं मशीन अण्णांनी उचलून आणलं. फणसाच्या फळ्यांची पेटी केली, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला आणि हा पेटारा उभा केला. उचलायला दोन माणसं लागतात, आणि तिसरा लागतो तो "हळू, हळू रे" म्हणायला. तिसरे अण्णा.

आता व्हाल तापल्याशिवाय बोलत नाहीत. बटण दाबल्यावर थोडं थांबावं लागतं. अण्णांनी हा नियम सगळ्या सृष्टीला लावून टाकला आहे. जोयड्याला जाणारी जीप सुरू झाली की हे ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवतात, "तापू दे की." ग्रामसभेत कुणी प्रश्न विचारला तर उत्तर चहा पिऊन झाल्यावर. लग्नात नवरा-नवरी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून वरमाय काळजीत पडली, तर अण्णा म्हणाले, "अजून तापालेत. वर्षभर थांबा, मग गप्प करायला माणूस लागंल." एकदा मी त्यांना सकाळी दारातून हाक मारली, "अण्णा, बरं हाय न्हवं?" उत्तर आलं नाही. मी चिडून घरी आलो. अंघोळ करून बाहेर पडलो तर कुंपणावरून आवाज: "व्हय व्हय, बरं हाय की."

अण्णांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची बायको पारूअक्का. बारा वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि अक्कांचे दोन्ही कान गेले. बोलतात नीट, पण क्वचित. त्याआधी अख्ख्या पंचक्रोशीत फुगडीची गाणी म्हणायला अक्कांना नेत. आता अण्णा रोज दुपारी चार तारांचा बेस घेऊन धुम्म-धुम्म सुरू करतात, आमच्या फडताळातली भांडी नाचायला लागतात, आणि अक्का शांतपणे तिथंच बसून तांदूळ निवडतात. आमची बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "देवानं जोडी बघून लावलीय. तिला ऐकू येत न्हाई म्हणून तर नांदतेय." मीही हसायचो. आता लाज वाटते, पण हसायचो.

भांडणाला सुरुवात झाली ती माझ्या डब्यावरून. मी बेळगावहून एक डिजिटल प्रोसेसर आणला. एवढासा, दोन तळहातांत मावेल असा. गिटारची वायर त्यात घातली की जगातल्या पाहिजे त्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज निघतो, व्हॉल्व्हचासुद्धा. मी मोठ्या तोऱ्यात तो अण्णांना दाखवायला नेला. त्यांनी तो ऐकला नाही. उलटा करून बघितला, हलवून बघितला, बोटानं ठोकून बघितला, जत्रेतला नारळ घेतात तसा.

"ह्याच्या पोटात दिवा हाय काय?"

"समोर आहे की. हा काय निळा."

अण्णांनी वाकून बराच वेळ त्या निळ्या दिव्याकडे बघितलं. मी एक तान वाजवली.

"हलत न्हाई ह्यो."

"दिवा कशाला हलेल अण्णा? तो नुसता चालू-बंद कळायला आहे."

"मग न्हाई उपेगाचा," अण्णा डबा माझ्या हातात देत म्हणाले. "ह्यात आवाज न्हाई मास्तर. आवाजाचा फोटो हाय. फोटोतला भात जेवून बघा."

माझं टाळकंच फिरलं. विज्ञानाचा मास्तर मी, आणि हा माणूस मला भात जेवायला सांगतो! दिवा हलत नाही म्हणे! महिनाभर आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंनी भांडलो. शेवटी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बेस कशातून वाजवायचा हा प्रश्न निघाला आणि मी पैज लावली. डोळे बांधून बसायचं. पडद्यामागं मी एकदा पेटाऱ्यातून वाजवणार, एकदा डब्यातून. आपला कुठला ते अण्णांनी ओळखायचं. हरेल त्याचं यंत्र स्टेजवर चढणार नाही.

"नुसतं स्टेजचं काय घेऊन बसलात?" अण्णा भडकलेच. "गोव्याचा तो हाटेलवाला दोन वर्षं मागं लागलाय, शोकेसमध्ये ठेवायला ह्यो पेटारा दे म्हणून. मी हरलो तर देऊन सोडतो त्याला!"

पैज समाजमंदिरात झाली. अर्धं गाव जमलं होतं. माझा डबा आणि त्याचा स्पीकर गणपती मंडळाच्या बॅटरीवर लावले. अण्णांनाही बॅटरीवर लावा म्हटलं तर नको म्हणाले. "ती कोंडलेली लाईट हाय. माझ्या व्हालांना लायनीवरची ताजी लाईट पायजे." लावली लायनीवर. अण्णांनी पेटाऱ्यावर हात फिरवून "तापला" म्हणून सांगितलं, डोळ्यांवर टॉवेल बांधून घेतला आणि खुर्चीत ताठ बसले.

मी बेस उचलला आणि तेवढ्यात मागच्या बाजूला दत्तू गिरणीवाल्यानं गिरण सुरू केली. आमच्याकडची लाईट कशी, तर गिरण सुरू झाली की गावातले सगळे बल्ब माना टाकतात. पडद्यामागं माझ्या डोळ्यांदेखत पेटाऱ्यातले व्हाल मंदावले. आवाज असा निघाला की जणू घोंगडीखालून कुणी बोलतंय. त्याच्यापुढं माझा डबा टणटणीत.

आता सांगतो ते कबूल करायला मला आजही जड जातं. मी "थांबा, गिरण बंद होऊ दे" म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. तीनदा वाजवलं आणि तिन्ही वेळा माझा डबा वाजताना अण्णांनी बोट वर करून सांगितलं, "ह्यो माझा."

समाजमंदिर डोक्यावर घेतलं लोकांनी. कुणीतरी शिट्टी मारली. अण्णांनी टॉवेल सोडला, घडी घातली आणि म्हणाले, "हरलो बा." त्या दिवशी मात्र उत्तर द्यायला त्यांना तापावं लागलं नाही.

हॉटेलवाल्याची गाडी रविवारी सकाळी यायची ठरली. शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी आलो आणि जेवण अर्धवट सोडून उठलो. बाहेर पाऊस धरलेला, भरदुपारी घरात दिवेलागणीसारखा अंधार. शेजारून धुम्म-धुम्म सुरू झालं. शेवटचं वाजवतायत म्हातारे, असं मनात आलं आणि मी डोक्यावर पोतं घेऊन तसाच त्यांच्या दारात गेलो.

खिडक्या लावलेल्या होत्या. अण्णा खुर्चीत बसून बेस वाजवत होते. आणि अक्का, अहो, अक्का त्या पेटाऱ्याच्या उघड्या पाठीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. दोन मोठे व्हाल आत लाल पेटलेले, आणि त्यांच्या काचेवर आतून एक निळसर उजेड होता. इतकी वर्षं मी तो पेटारा बघतोय, पण खिडक्या लावून कधी बघितला नव्हता. अण्णांनी तार छेडली की तो निळा उजेड काचेवर पसरायचा, तार थांबली की आक्रसायचा. जोरात वाजवली की उसळायचा, हळू वाजवली की थरथरायचा.

आणि त्या उजेडावर नजर लावून अक्का फुगडीचं गाणं म्हणत होत्या. सूर कुठल्या कुठं गेला होता. पण ताल? मी सांगतो, ताल एक केसभर चुकत नव्हता.

मी दारातच उभा राहिलो. अण्णांनी मला बघितलं, हातानंच खुणावलं, सुम्म बस. गप बसलो. गाणं संपलं तेव्हा अक्का हसल्या आणि शेगडीवर चहा ठेवायला आत गेल्या.

"ताप उतरला तेव्हा तिनं तोंडच बंद केलं होतं," अण्णा तारा पुसत म्हणाले. "वरीस झालं, बोलंना. एक दिवशी व्हाल बदलायला ह्यो पाठीमागून उघडला आणि तशीच तार वाजवून बघितली. ती मागनं म्हणाली, 'हलला.' वर्षातला पयला शब्द, मास्तर. मग फळी परत लावलीच न्हाई."

"अण्णा, हे गावात कुणाला सांगितलं का नाही?"

"हळहळतील की लोकं. तिला ऐकू येत न्हाई, पण हळहळ लगेच दिसतीय."

"आणि उद्या गाडी येणार हे..."

अण्णांनी बेस भिंतीला टेकवून ठेवला. "तिला न्हाई सांगितलं अजून. काय सांगू?"

मग मात्र माझ्यातला मास्तर फुटला. मी उभा राहून ओरडलो, "गाडी परत पाठवा! पैज खोटी होती! गिरण चालू होती, व्हाल मंदावले होते, मी बघितलं आणि लबाडी केली! ऐकताय काय?"

"गिरण मला पण ऐकू आली की," अण्णा शांतपणे म्हणाले. "बॅटरी नको म्हणून हट्ट कुणी केला? आणि माझ्याच पेटाऱ्याचा आवाज मला वळखू आला न्हाई, हे काय खोटं हाय? शब्द दिलाय मी."

"खड्ड्यात गेला तुमचा शब्द!" मी हात नाचवत म्हणालो. "मीच जातो हॉटेलवाल्याला फोन लावायला!"

तेवढ्यात अक्का चहा घेऊन दारात आल्या. माझं लाल तोंड, नाचणारे हात त्यांनी नीट न्याहाळले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मास्तर तापलेत. आता ऐका त्यांचं."

अण्णा बायकोकडं वळले आणि मग असे हसले, असे हसले की डोळ्यांना पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी धरून चाललो. त्याच पावसात मोबाईलला रेंज मिळेपर्यंत मी टेकडी चढलो आणि हॉटेलवाल्याला गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. तो काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गणपतीत अख्ख्या मंडळासमोर मी गिरणीची गोष्ट सांगितली आणि लबाड मास्तर म्हणून घेतलं. अजून म्हणतात. पेटारा स्टेजवर चढला. कसा ठेवायचा ते मी ठरवलं: तोंड मागच्या भिंतीकडे, पाठ लोकांकडे. वर स्टेजवरचे सगळे बल्ब मीच बंद करायला लावले. माझा डबाही होता, गिटार मी त्यातूनच वाजवली. आवाज उत्तम आहे त्याचा, ह्या मतावर मी अजून ठाम आहे.

पहिल्या रांगेत, पेटाऱ्याच्या बरोबर समोर अक्का बसल्या होत्या. आरत्या झाल्यावर अण्णांनी फुगडीचा ठेका धरला. निळा उजेड हलला आणि बारा वर्षांनी अक्कांनी गावासमोर गाण्यासाठी तोंड उघडलं. दोन कडवी होईपर्यंत सगळ्या बायका त्यांच्या मागून म्हणायला लागल्या होत्या. त्यात कुणाचा सूर कुठं गेला, ते गणपतीला ठाऊक.

दत्तू गिरणीवाला माझ्या कानाला लागला. "मास्तर, तुम्ही तर विज्ञान शिकवता. ह्यो पेटारा उलटा का ठेवलाय वो?"

"भिताडावर आपटून आवाज मऊ होतोय," मी म्हणालो. "तुला न्हाई कळायचं."