सावंतकाकांची तक्रार आहे

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधले सावंतकाका फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘तक्रार आहे!’ म्हणतात. समोरून बँकेची मुलगी कर्ज देऊ करत असली, तरी तिला आधी आमच्या नळाच्या पाण्याविषयी ऐकून घ्यावं लागतं.

अशा माणसाच्या खिडकीत विद्यापीठाने प्रयोग मांडावा, ही अक्कल कुणाची ते मला अजून कळलेलं नाही. टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट देता येतं का, हे स्नेहल नावाची मुलगी पीएचडीसाठी तपासत होती. सिग्नल नेमका काकांच्याच खिडकीत झकास मिळायचा. म्हणून अँटेना तिथे, आणि तिथून सगळ्या बिल्डिंगला नेट फुकट.

आठवडाभरात स्नेहलच्या फोनवर काकांची बोंब सुरू. “अगो चेडवा, तुझा नेट परत मेला गो! विद्यापीठात काय शिकवतत तुमका?”

स्नेहल धावत यायची. ती दारात उभी राहिली की नेट व्यवस्थित. काका तिला झाडायचे, झाडता झाडता घावणे वाढायचे. “खा आधी, मगे उत्तर दी!” तीही ऐकून घेणारी नव्हती, खाता खाता चांगली भांडायची. इकडे माझ्या ऑफिसच्या मीटिंगची वाट लागलेली असायची, ती वेगळीच.

एकदा ती जिन्यात रडवेली भेटली. “सिग्नल असाच जात राहिला तर प्रयोग फसला असं धरू, म्हणतात आमचे सर. सगळी मेहनत फुकट, दादा.”

दुसऱ्या दिवशी नेट गेलं तसा मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. अँटेनावर स्टीलचा मोठा डबा उपडा घातलेला, ओट्यावर घावण्यांचं पीठ तयार, आणि काका स्नेहलला फोन लावताहेत!

“काका, लाज वाटत नाही? त्या पोरीची पीएचडी बुडतेय!”

काकांचा चेहरा उतरला. “माझ्या डब्यान तिचा शिक्षाण बुडता?”

त्यांनी घाईघाईने डबा काढला आणि तो पोटाशी धरून उभे राहिले.

“तुझी काकू गेल्यापासून माका उलटून बोलणारा कोण नाय रे ह्या घरात. ता चेडू बोलता.”

मी तावातावाने आलो होतो. आता तो डबा त्यांच्या हातून घेऊन ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात फोनमधून स्नेहलचा आवाज आला. “बोला काका, काय तक्रार?”

“तक्रार नाय गो,” काका म्हणाले. मग हळूच, “तक्रार नसली तरी येशील मा?”